द्रष्टा कोण, दृश्य कोण?



टीव्हीसमोर बसलो की पाहणारे आपण आणि पाहिले जाणारे ते चित्र, असे आपण धरून चालतो. द्रष्टा आणि दृश्य यांचा विवेक ज्यांनी थोडाफार अभ्यासला आहे, त्यांना तर हे नाते अगदी सरळ वाटेल. पण गेल्या दहा-बारा वर्षांत घराघरांत आलेल्या इंटरनेटच्या टीव्हीने, ज्याला आपण स्मार्ट टीव्ही म्हणतो, हे नाते उलटे केले आहे. आपण त्याच्याकडे पाहत असतो, त्याच वेळी तोही आपल्या पाहण्याची नोंद घेत असतो. हे कसे घडते ते आधी समजून घेऊ. त्यानंतर मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आपल्यासमोर ठेवते: ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, अशा सज्जन माणसाने याची काळजी का करावी?

आधी यंत्राविषयी. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या स्मार्ट टीव्हींमध्ये ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’ नावाची सोय असते. तिला थोडक्यात एसीआर म्हणतात. पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचे आणि ऐकू येणाऱ्या आवाजाचे बारीक बारीक नमुने टीव्ही सतत घेत राहतो, त्यांचा अंगठ्याच्या ठशासारखा एक सांकेतिक ठसा बनवतो आणि तो कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथे असंख्य कार्यक्रमांचे, चित्रपटांचे, जाहिरातींचे ठसे आधीच साठवलेले असतात. ठसा जुळला की या घरात, या मिनिटाला, अमुक कार्यक्रम चालू आहे हे कळते. डिशच्या बॉक्सवरून काही पाहिले तरीही हे होऊ शकते, कारण टीव्हीला चित्र कुठून आले याच्याशी देणेघेणे नसते. पडद्यावर आले की पुरे. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिद येथील संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजी कंपन्यांच्या टीव्हींची ब्रिटन आणि अमेरिकेत तपासणी केली. टीव्हीला केबलने बाहेरचे यंत्र जोडून त्याचा वापर नुसता पडदा म्हणून केला, तरी ठसे पाठवणे चालू राहते असे त्यांना आढळले. त्यांनाच दुसरी गोष्टही आढळली, ती दिलासा देणारी आहे. सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद केली की ठसे जाणे थांबत होते.

पाहण्याच्या नोंदीशिवाय आणखीही काही आहे. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका ग्राहकाच्या लक्षात आले की त्याचा एलजीचा टीव्ही पेन ड्राइव्हवरच्या फाइलींची नावेसुद्धा बाहेर पाठवत आहे. कुटुंबातल्या समारंभाच्या व्हिडिओचे नावही त्यात आले. कंपनीला नंतर दुरुस्ती करावी लागली. २०१५ मध्ये सॅमसंगच्या गोपनीयता धोरणातली एक सूचना गाजली. आवाजाने टीव्ही चालवण्याची सोय वापरताना तुम्ही काही खासगी बोललात, तर तेही आवाज ओळखणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकते, असा तिचा आशय होता. बोलक्या स्पीकरांची गोष्ट याहून पुढची आहे. ॲमेझॉनच्या अलेक्सावर बोललेल्या गोष्टींचे काही नमुने कंपनीची माणसे ऐकतात, आणि अशी माणसे इतर देशांबरोबर भारतातही बसतात, हे २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले. यंत्र सुधारण्यासाठी थोडेच नमुने ऐकले जातात, हे कंपनीचे उत्तर होते. इथे भीती पसरवण्याचा हेतू नाही. आपला टीव्ही रात्रंदिवस आपले बोलणे ऐकतो असे कुणी सांगितले तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. रिमोटमधला माइक सहसा बटण दाबल्यावरच चालू होतो. आपण काय पाहतो याची नोंद मात्र बटण न दाबता होत असते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे माझे लक्ष साहजिकच हिशेबाकडे गेले. अमेरिकेत व्हिझिओ नावाची टीव्ही बनवणारी कंपनी आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यू जर्सी राज्याने तिच्यावर कारवाई केली. फेब्रुवारी २०१४ पासून ही कंपनी सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक काय पाहतात, हे सेकंदासेकंदाला टिपत होती, ग्राहकांना नीट न सांगता. विकून झालेल्या जुन्या टीव्हींमध्येही इंटरनेटवरून ही सोय घालण्यात आली होती. पाहण्याच्या नोंदीला त्या घरातल्या माणसांचे वय, उत्पन्न, शिक्षण, विवाहित की अविवाहित अशी माहिती जोडून ती इतरांना विकली जात होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. २२ लाखांना १ कोटी १० लाखांनी भागून पाहा. एका टीव्हीमागे २० सेंट, म्हणजे त्या वेळच्या दराने तेरा-चौदा रुपये. तीन वर्षे एका घराच्या बैठकीत बसून राहण्याचे ते भाडे! ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात नंतर आणखी १ कोटी ७० लाख डॉलर द्यावे लागले हे खरे, पण धंदा त्यामुळे बंद पडला नाही. २०२१ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत याच कंपनीला टीव्ही विकून झालेला ढोबळ नफा २ कोटी ५६ लाख डॉलर होता, आणि जाहिराती व माहिती यांच्या विभागातून झालेला ५ कोटी ७३ लाख डॉलर. दुप्पट! डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने ही कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेतली. ज्या घरांत टीव्ही लागले होते, ती घरे या सौद्यात मालाबरोबर गेली असेच म्हणावे लागेल. सणासुदीच्या सेलमध्ये इतका मोठा टीव्ही इतका स्वस्त कसा मिळतो, याचे थोडे उत्तर या आकड्यांत आहे.

आपल्याकडे हे सगळे इतके नवे आहे का? मी रायपूरला राहते, आणि या प्रश्नाशी रायपूरचा जुना संबंध आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात ‘साइट’ नावाचा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह काही काळासाठी मागून घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोहोचवला गेला. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून निवडलेला भाग होता आपला रायपूर परिसर. शाळेत नाही तर पंचायतीत एकच संच, छपरावर जाळीची मोठी छत्री, आणि समोर अख्खे गाव. त्या वेळीही पाहणाऱ्यांना कुणीतरी पाहत होते. प्रयोगाचा परिणाम तपासण्यासाठी संशोधक खेड्यांत राहिले होते. कार्यक्रम समजला का, आवडला का, शेतीत काही उपयोग झाला का, असे ते लोकांना विचारत. पण तो माणूस डोळ्यांना दिसत होता. त्याला नाव होते, तो गावातच मुक्कामाला होता, आणि उत्तर द्यायचे नसेल तर उठून जाता येत होते.

पुढे मोजमाप यंत्राकडे गेले. आज देशातल्या वाहिन्यांची लोकप्रियता बार्क ही संस्था मोजते. पन्नास हजारांहून अधिक घरांत तिची मीटरे बसवलेली आहेत, पण घरच्यांना विचारून. सध्या समोर कोण बसले आहे हे सांगायला घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर वेगळे बटण असते, आणि कोणत्या घरांत मीटर आहे हे गुप्त ठेवायचे असते. एवढी काळजी घेऊनही ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की मीटर असलेली काही घरे शोधून, पैसे देऊन, ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला सांगण्यात आले. वृत्तवाहिन्यांचे आकडे बरेच महिने थांबवावे लागले. तो खटला पुढे मागे घेण्यात आला, त्यामुळे दोषी कोण या वादात आपण पडायचे कारण नाही. निवडक आणि राजीखुशीने सामील झालेल्या घरांचे गुपित सांभाळणे इतके अवघड असेल, तर कोट्यवधी घरांच्या नोंदी कोण सांभाळणार, एवढेच मला यातून दिसते. २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने नव्या सेट टॉप बॉक्समध्ये प्रेक्षकांची नोंद ठेवणारी चिप बसवण्याचा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा ही घरातली टेहळणी आहे अशी टीका झाली. टीका योग्यच होती. पण तेच काम करणारा टीव्ही आपण त्याच वर्षी हप्त्यांवर विकत आणत होतो आणि पेढे वाटत होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

सत्संगात हा विषय काढला की दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले असे: “आम्ही भजने पाहतो, बातम्या पाहतो, आजी मालिका पाहते. यात लपवायचे काय?” दुसरे थोडे अधिक वजनदार असते: “परमात्मा तर सगळेच पाहतो. मग एका कंपनीने पाहिले तर काय बिघडले?”

पहिल्या उत्तरात एक समजूत दडलेली आहे, की लपवायचे ते पापच. आपली परंपरा असे म्हणत नाही. जपाची माळ गोमुखीत का ठेवतात? जप हे काही पाप नाही. गुप्तदानाला मोठे का मानले जाते? दान देणाऱ्याचे नाव झाकले तर घेणाऱ्याची मानही खाली जात नाही आणि देणाऱ्याचा अहंकारही वाढत नाही. समर्थांनी एकांताला किती महत्त्व दिले हे आपल्याला ठाऊक आहे. दिवसातला काही वेळ कुणाच्याही नजरेत नसावा, म्हणजे माणूस स्वतःकडे खरेपणाने पाहू शकतो. बाहेर आपण चांगले दिसण्याची धडपड करत असतो. घरात, रात्री, एकटे असताना आपण जे शोधतो, जे वाचतो, जे पाहतो, त्यात आपले न सुटलेले प्रश्न असतात. व्यसनातून सुटू पाहणारा माणूस रात्री एक वाजता त्याविषयीचे व्हिडिओ पाहतो. मूल होत नाही म्हणून एखादी वहिनी दार लोटून डॉक्टरांचे बोलणे ऐकते. दहावीतला मुलगा मन उदास का राहते हे शोधतो. यांतले काहीही पाप नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पडद्यावर, सासूबाई बसल्या असताना, त्याच विषयाची जाहिरात आली तर? त्या घरात कुणी कुणाला काही सांगितले नव्हते. सांगायचे की नाही, केव्हा आणि कुणाला, हे ठरवण्याचा अधिकार त्या वहिनीचा होता.

आपल्यावर नजर आहे हे कळल्यावर माणूस काय पाहायचे ते बदलतो, निर्धास्तपणे काही शिकत नाही. स्वाध्यायाचे हे मोठे नुकसान आहे. आणि नजर आहे हे कळलेच नाही, तर तो बदलत नाही, पण दुसरा कुणी त्याला बदलू लागतो. तुमचा कमकुवत क्षण कोणता, थकून तुम्ही कधी बसता, कशाने तुमचे बोट थांबते, हे ज्याला ठाऊक आहे तो नेमक्या त्या वेळी नेमकी गोष्ट पुढे ठेवतो. मनोनिग्रहाच्या गोष्टी आपण नेहमी करतो. पण आपल्या मनाच्या सवयी आपल्यापेक्षा दुसऱ्यालाच जास्त ठाऊक असतील, तर तो निग्रह किती टिकेल?

कुणी म्हणेल, लोकमान्यांनी गीतारहस्याचा मसुदा मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, पहाऱ्यातच लिहिला ना? लिहिला. सुटकेच्या वेळी त्या वह्या सरकारने ठेवून घेतल्या आणि नंतर परत केल्या. पण पहारा आहे हे लोकमान्यांना ठाऊक होते, पहारेकऱ्याचा पोशाख दिसत होता, आणि त्यांच्या घरातले तुळशीवृंदावन म्हणून तो पहारा कुणी त्यांना विकला नव्हता.

दुसरे उत्तर मला अधिक विचार करायला लावते, कारण ते श्रद्धेतून येते. मुंडकोपनिषदात एका झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक पक्षी फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो. साक्षीचे लक्षणच हे, की त्याला फळ नको असते. म्हणून त्या नजरेखाली माणूस लाजतो, सुधारतो, पण बाजारात मांडला जात नाही. टीव्हीतून पाहणाऱ्याला मात्र फळच हवे आहे. आपण जे पाहतो ते तो विकतो, आणि जो अधिक किंमत देईल त्याला आपल्यापर्यंत येण्याची वाट करून देतो. या दोन नजरा एका मापाने मोजणे म्हणजे परमात्म्याच्या नजरेला दुकान करणे होय. आपल्या साधक बंधू-भगिनींनी तरी ही गल्लत करू नये, असे मला मनापासून वाटते.

कंपन्या म्हणतील, आम्ही संमती घेतली आहे. ही संमती कशी घेतली जाते हे आमच्याच घरी पाहायला मिळाले. नवा टीव्ही बसवायला दुकानातून एक तरुण आला होता. भिंतीवर टीव्ही लावला, वाय-फायचा पासवर्ड विचारला, आणि मग पडद्यावर एकामागून एक लांबलचक मजकूर येऊ लागला. तो रिमोटने झरझर खाली जात प्रत्येक ठिकाणी ‘ओके’ दाबत गेला. “सब अलाऊ कर दिया है, अम्मा, अब आराम से देखिए,” असे आजीला सांगून पाणी पिऊन तो गेलासुद्धा. त्याची चूक म्हणता येणार नाही. दिवसाला पाच-सहा घरे करायची असतात त्याला. आजीने मला विचारले, “काय अलाऊ केलं गं त्यानं?”

मी या संकेतस्थळासाठी अनुवादाची सेवा करते, म्हणून मजकूर पुन्हा उघडला आणि आजीला मराठीत सांगायला बसले. दोन-तीन वाक्यांतच अडले. ‘तुमचा अनुभव अधिक चांगला करण्यासाठी आम्ही काही माहिती वापरतो’ अशा धाटणीची वाक्ये होती ती. शब्दाला शब्द ठेवून मराठी होते, पण आजीला काहीच कळत नाही. तिला कळेल असे करायचे तर म्हणावे लागते, “तू काय पाहतेस ते आम्ही लिहून ठेवणार आणि जाहिरातवाल्यांना देणार.” आजी लगेच म्हणाली, “असं तर मी कध्धी हो म्हटलं नसतं.” माधवराव सप्रे यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणले. रायपूरच्या मराठी माणसाला त्यांचा अभिमान असतोच. त्यांच्याकडून एवढे तरी शिकावे, की ऐकणाऱ्याला अर्थ पोहोचला नाही तोवर अनुवाद झाला असे म्हणू नये. मग अर्थ पोहोचला नाही तोवर संमती झाली असे कसे म्हणायचे?

आणि संमती दिली तरी कुणी कुणाच्या वतीने? आमच्या घरात सहा माणसे आहेत. कामाला येणाऱ्या मावशी दुपारी दहा मिनिटे टीव्हीसमोर टेकतात. नागपूरहून पाहुणे येतात. ‘ओके’ एकदाच दाबले गेले, तेही बाहेरच्या माणसाकडून. पाहुण्याला आपण ताटात काय वाढले आहे ते सांगतो, कांदा-लसूण चालतो का ते विचारतो. त्याच्यासमोर नोंद घेणारे यंत्र चालू आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूला सरकला आहे, पण हळूहळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा राज्यघटनेच्या कलम २१ नुसार मूलभूत अधिकार आहे असा एकमताने निकाल दिला. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणासाठी, माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायला तो सर्वसाधारणपणे मनाई करतो. बैठकीतल्या टीव्हीसमोर आजी बसली आहे की नात, हे टीव्हीला कसे कळणार, याचे उत्तर मात्र कंपन्यांना शोधावे लागेल. सरकारी यंत्रणांना या कायद्यात पुष्कळ सूट आहे, हेही सांगितले पाहिजे.

त्यात एक तरतूद मला अनुवादक म्हणून फार आवडली. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्या २२ भाषांत मराठी आहे, म्हणजे आजीची सोय झाली. पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी छत्तीसगढी बोलतात. छत्तीसगढी ही २००७ पासून या राज्याची राजभाषा असली, तरी आठव्या अनुसूचीत नाही. त्यांच्या घरीही आता स्मार्ट टीव्ही आहे. त्यांना काय विचारले गेले, हे त्यांच्या भाषेत सांगण्याची सक्ती कुणावरही नाही.

काही जण म्हणतात, एवढे सगळे असेल तर टीव्हीच काढून टाका. ज्यांना ते जमते त्यांनी खुशाल करावे. पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतून मला हा उपाय इतका सोपा दिसत नाही. इथे शाळा हिंदी किंवा इंग्रजी, बाजार हिंदी, रिक्षावाल्याशी बोलणे हिंदी किंवा छत्तीसगढी. दिवसभरात आजीच्या कानावर घराबाहेरचे मराठी पडते ते टीव्हीवरूनच; कीर्तन, मालिका, आषाढीला पंढरपूरचे दर्शन. माझ्या धाकट्या भावाची मराठी जी काही टिकली आहे ती आजीशेजारी बसून. (आणि याच पाहण्यामुळे, रायपुरात कोणत्या घरात मराठी बोलतात, हे त्या नोंदींत आपोआप लिहिले जाते, तो भाग वेगळा.) टीव्ही ठेवून एकांत राखता येईल का, हे पाहणे मला जास्त व्यवहारी वाटते.

ते बऱ्याच अंशी येते, आणि त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ किंवा ‘टर्म्स’ असा भाग असतो. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ या नावाने पाहण्याची नोंद घेणारी सोय आढळते; मॉडेलनुसार जागा बदलते. ती बंद केल्याने चित्र बंद पडत नाही. जाहिराती आवडीनुसार दाखवण्याची परवानगी आणि आवाजाच्या नोंदीची परवानगी वेगळी असते. त्याही बंद करता येतात. सॉफ्टवेअरची मोठी सुधारणा आली की पुन्हा एकदा डोकावून पाहावे. ज्यांना फक्त डिश किंवा केबल पाहायची आहे, त्यांनी टीव्हीला वाय-फाय दिलेच नाही तर सर्वांत उत्तम. टीव्हीला कॅमेरा असेल तर त्यावर कागदाची पट्टी चिकटवण्यात काही कमीपणा नाही. अमेरिकेच्या एफबीआयनेही २०१९ मध्ये लोकांना तेच सुचवले होते. यूट्यूबसारख्या ॲपवर काही पाहिले तर ते त्या ॲपच्या कंपनीला कळणारच, टीव्हीची सेटिंग त्याला रोखू शकत नाही. तिथली पाहण्याची यादी वेगळी पुसावी लागते. जुना टीव्ही कुणाला देताना आधी ‘फॅक्टरी रीसेट’ करावे, नाहीतर आपली खाती आणि आपला सगळा पाहण्याचा इतिहास त्याच्यासोबत दुसऱ्याच्या घरी जातो.

आपल्या केंद्रांविषयी एक विनंती आहे. अनेक केंद्रांत आता ऑनलाइन शिबिरे मोठ्या टीव्हीवर लावली जातात. कौटुंबिक समस्यांवरच्या सत्रांत भगिनी मोकळेपणाने बोलतात, कधी रडतात. तिथे लॅपटॉप केबलने जोडला म्हणजे टीव्हीला काही कळत नाही असे आपण समजतो, पण वरच्या संशोधनात आढळले ते याच्या उलट होते. म्हणून केंद्रातल्या टीव्हीचे स्वतःचे वाय-फाय बंद ठेवावे, इंटरनेट फक्त लॅपटॉपला असावे. सत्र चालू असताना खोलीतले बोलके स्पीकर प्लगमधून काढून ठेवावेत. आणि सत्र सुरू करण्याआधी, चपला कुठे ठेवायच्या आणि पाणी कुठे आहे हे सांगतो तसेच, कोणती यंत्रे चालू आहेत आणि सत्राचे रेकॉर्डिंग होणार आहे की नाही, तेही सर्वांना सांगावे. टीव्ही कसा लावायचा हे ज्या सेवेकऱ्याला येते, त्यालाच हे दोन मिनिटांचे काम देता येईल.